बोटांना धुळाक्षरे कोण शिकवणार?

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या घरोघरी इंद्रियांची मोठी चंगळ असते. डोळ्यांना पणत्या, कानांना फटाके, नाकाला अत्तर आणि जिभेला चकली-अनारसे. पाचव्या इंद्रियाची मात्र कोणी आठवण काढीत नाही. वास्तविक नरकचतुर्दशीच्या पहाटेचा सगळा सोहळा त्याचाच असतो. कोमट तेलाची धार, उटण्याचा खरखरीत हात, थंडीत अंगावर पडणारा कढत पाण्याचा पहिला तांब्या, नव्या सदऱ्याची कडक खळ, हे सारे स्पर्शाचे लाड. पण डोळे गेलेल्याला आपण आंधळा म्हणतो, कान गेलेल्याला बहिरा म्हणतो. ज्याचा स्पर्श गेला त्याला म्हणावयास आपल्या रोजच्या बोलीत धड एक शब्दही नाही. 'बधिर' म्हणावे, तर तेही आपण बहिऱ्याकडून उसने आणलेले.

जेथे शब्द नाही तेथे दखल नाही. लकवा झालेल्या माणसाला दिवाळीच्या पहाटे घरची माणसे पाटावर बसवितात, प्रेमाने उटणे लावतात, आणि त्याच्या अर्ध्या अंगाला त्याची वार्ताही नसते. त्या अर्ध्या अंगाविषयी, विशेषतः त्या बाजूच्या हाताविषयी आणि त्या हाताच्या पाच बोटांविषयी मला आज भांडावयाचे आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण वर्षातून एकदाच सारे घर एका अंकाभोवती जमते. मग भांडण तरी दुसऱ्या कोणत्या दिवशी करावे?

मी डॉक्टर नाही. गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यात मास्तरकी करतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण शिकणे आणि शिकवणे म्हणजे काय, हे मला थोडेफार कळते. आणि हा प्रश्न औषधाचा जितका आहे तितकाच शिकवण्याचा आहे, असा माझा दावा आहे.

प्रथम लकव्याविषयी. पुण्यामुंबईकडे त्याला पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतात. नावात वायू आला म्हणून पुष्कळांना वाटते की कोठून तरी वारा लागला. वाऱ्याचा यात काही संबंध नाही. मेंदूला रक्त पोहोचविणारी नळी तुंबते किंवा फुटते, तेवढ्या भागाचे पोषण थांबते आणि तो भाग ज्या अवयवावर राज्य करीत असतो तो अवयव परका होतो. रक्तदाब वाढलेला, तो कधी मोजलेला नाही, वर तंबाखूचा नाद, अशा घरांत हा पाहुणा न बोलावता येतो. हा शहरी, सुखवस्तू माणसांचा रोग आहे अशी एक गोड समजूत होती. आमच्या दक्षिणेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ८६ खेड्यांत दोन वर्षे एकेका मृत्यूचे कारण शोधले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे निघाले की त्या खेड्यांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण लकवाच होते. दर सात मृत्यूंमागे एक. आणि त्यांतले बहुतेक मृत्यू दवाखान्यात नव्हे, घरीच झालेले. गडचिरोलीची आणि आमची सीमा कागदावर आहे. जंगल, धान, तेंदूपत्ता आणि गरिबी दोन्हीकडे तीच.

जे मेले त्यांचे दिवस आपण घालतो. जे वाचले त्यांचे काय करतो? पहिले काही दिवस धावपळ होते. मग तेलमालिश. मग कोणीतरी सांगतो म्हणून कबुतराचे रक्त चोळणे. मग एखाद्या बाबाचा दोरा. आणि मग ओसरीवरची खाट. सहा महिन्यांनी तो माणूस त्या खाटेचाच एक भाग होऊन जातो, आणि आल्यागेल्याला आपण सांगतो, "आता बरे आहेत. काठी घेऊन चालतात."

हे 'बरे आहेत' प्रकरण जरा तपासून पाहू. आमच्या गावात बिडी वळणारी एक बाई आहे. गोंदियाकडे बिडी वळणे म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला सांगावयास हवे. मांडीवर सूप, सुपात ओलसर पाने, तंबाखू आणि दोरा. कैचीने पान कापावयाचे, चिमटीने नेमकी तेवढीच तंबाखू भरावयाची, दोन्ही हातांच्या बोटांत पान फिरवून वळावयाचे, तोंड दुमडावयाचे आणि दोरा बांधावयाचा. कसलेली बाई हे सारे करताना सुपाकडे पाहत नाही. ती शेजारणीशी बोलत असते, पोराला दटावीत असते, चुलीवरच्या भाताकडे लक्ष ठेवीत असते. बिडी बोटे वळतात. पान किती ओले आहे, शीर कोठे आहे, तंबाखू कमी की जास्त, हे सारे बोटांच्या टोकांना ठाऊक असते. दिवसाकाठी आठशे-हजार बिड्या अशा निघतात, आणि मजुरी मिळते ती हजारावर.

या बाईला लकवा झाला. उजवी बाजू गेली. दवाखान्यात उपचार झाले, आणि हात पुष्कळसा परत आला. कोपर वाकतो, मूठ मिटते, तांब्या उचलता येतो. सुटीच्या कार्डावर हाताचे बळ पाचापैकी चार असे लिहिलेले मी स्वतः वाचले. आम्ही शाळेत पाचापैकी चार गुण घेणाऱ्या पोराला पुढच्या वर्गात घालतो. दवाखान्यानेही तिला घरी घातले. ती सुपापुढे बसली, आणि तिला बिडी वळता येईना. पान फाटे किंवा सैल राही. तंबाखू सांडे आणि तिला कळत नसे. कारखान्यावर तिच्या बिड्या छाट म्हणून बाजूला पडू लागल्या. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "हात चालते जी गुरुजी, पन त्याले काईच समजत नाई."

या एका वाक्यात जे सांगितले आहे, ते त्या कार्डावर कोठेही नव्हते. हाताचे बळ मोजले होते; हाताची समज कोणी मोजलीच नव्हती.

मेंदूतून हाताकडे आज्ञा जाते हा एक रस्ता; हाताकडून मेंदूकडे बातमी येते हा दुसरा. लकव्याचा घाला कधी एका रस्त्यावर पडतो, कधी दोहोंवर. लकवा झालेल्यांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक माणसांत स्पर्शाची काही ना काही हानी होते, असे जगभरच्या पाहण्या सांगतात. कोणाला ऊन-गार कळत नाही, कोणाला आपला हात कोठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही, कोणाला खिशात घातलेल्या हाताला किल्ली लागली की नाणे, हे कळत नाही. बातमी आणणारा रस्ताच बंद असेल, तर आज्ञा देऊन काय होणार? आंधळ्या सारथ्याच्या हाती तगडे बैल दिल्यासारखे ते आहे.

विदर्भाच्या माणसाला तर हे नवे वाटू नये. ज्या हाताला समजत नाही त्या हाताचे काय होते, हे आपण कुष्ठरोग्यांत पाहिले आहे. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभे केले. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे आनंदवन फुलविले. त्या काळी लोकांना वाटे की रोगाने बोटे झडतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखवून दिले की बोटांचा नाश पुष्कळदा रोग स्वतः करीत नाही. वेदना कळत नाही म्हणून हात चुलीवर भाजतो, जखम होते, ती चिघळते आणि बोट जाते. स्पर्श हा हाताचा राखणदार आहे. हा धडा आमच्याच दाराशी शिकविला गेला. तरी लकव्याचा रोगी आमच्या दवाखान्यातून घरी जातो, तेव्हा कढईच्या कडेला लागून त्याचा हात भाजेल आणि त्याला कळणार नाही, एवढे सांगण्याचीही कोणाला आठवण राहत नाही.

येथे कोणी विचारील, गेलेला स्पर्श परत येतो काय? माझ्या भांडणाचे मूळ येथेच आहे. गेलेला स्पर्श पुष्कळ अंशी शिकविता येतो. मेंदू ही दगडी पाटी नाही. १९३७ साली कॅनडात वाइल्डर पेनफील्ड या शस्त्रवैद्याने, जाग्या रोग्यांच्या मेंदूला विजेचा सूक्ष्म स्पर्श करून, शरीराचा कोणता भाग मेंदूत कोठे राहतो त्याचा नकाशा मांडला. त्या नकाशात साऱ्या पाठीला एवढीशी जागा, आणि बोटांना व ओठांना केवढी तरी इनामे! पुढे असे दिसले की ही इनामे कायमची नसतात. १९९३ साली ब्रेल वाचणाऱ्या अंधांची तपासणी झाली, तेव्हा वाचणाऱ्या बोटाचा मेंदूतील प्रदेश विस्तारलेला आढळला. जे बोट शाळेत जाते, त्याची जमीन वाढते.

ऑस्ट्रेलियात लीॲन केरी या विदुषीने याच तत्त्वावर स्पर्शाची रीतसर शाळा काढली. लकवा झालेल्या पन्नास जणांवर केलेला तिचा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. पद्धत अशी की मास्तराला आपलीच वाटावी. डोळे झाकून दोन पृष्ठभाग हाताखाली द्यावयाचे. एक खरखरीत, एक गुळगुळीत. आधी ठळक फरक, मग बारीक फरक. उत्तर चुकले की डोळे उघडून पाहावयाचे, चांगल्या हाताने ताडून पाहावयाचे, पुन्हा डोळे झाकावयाचे. अशाच रीतीने वस्तू ओळखणे, मनगट कोणत्या बाजूला वळले ते ओळखणे. एवढ्या दहा तासांच्या शिकवणीने रोग्यांची समज सुधारली, आणि सहा महिन्यांनी तपासली तेव्हाही ती टिकून होती.

आपल्या आजोबा-पणजोबांना ही पद्धत अपरिचित वाटली नसती. त्यांची शाळाच मुळी बोटांपासून सुरू होई. पाटीवर धूळ पसरावयाची आणि तर्जनीने 'श्री' गिरवावयाचा. गुरुजी पोराचे बोट आपल्या हातात धरून वळण देत. अक्षर आधी बोटाला समजे, मग डोळ्याला, मग जिभेला. लकव्याच्या रोग्याला नेमकी ही धुळाक्षरे हवी आहेत, आणि बोट धरणारा गुरुजी हवा आहे.

पण आज बोलबाला आहे तो यंत्रांचा. स्पर्शयंत्रांच्या बातम्या आता आमच्या खेड्यातील भ्रमणध्वनीवरही येऊन पडतात. मी त्या आवडीने वाचतो. अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेत केटलिन सीम आणि थॅड स्टार्नर यांनी एक हातमोजा सिद्ध केला. त्यात प्रत्येक बोटाशी थरथरणारे चिमुकले यंत्र. त्या थरथरीने आधी माणसांना पियानोचे सूर आणि ब्रेलची अक्षरे शिकविली गेली. मग तोच विचार लकव्याच्या हाताकडे वळला. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि मद्रासच्या आयआयटीने मिळून 'प्लूटो' नावाचे लहानसे यंत्र केले. मुठी बदलून त्यावर मनगटाचे आणि बोटांचे वेगवेगळे व्यायाम घेता येतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञांनी २०२२ साली बोटांची हालचाल प्रकाशाच्या साह्याने टिपणारा मोजा दाखविला. दूरच्या गावी बसलेल्या उपचारकाला ती हालचाल पाहता यावी हा हेतू, आणि किंमत हजार रुपयांच्या आत राहील असा अंदाज. या माणसांपुढे माझे हात जोडलेले आहेत. मी यंत्राचा शत्रू नाही. ज्या जिल्ह्यात धानाच्या गिरण्या आहेत, त्या जिल्ह्यातला माणूस उखळ-मुसळाची आरती करीत बसेल हे शक्य नाही.

माझे भांडण आहे ते यंत्राच्या भाटांशी. शहरात एखादे यंत्र येते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो, आणि 'आता लकव्यावर अत्याधुनिक उपचार' असा मथळा झळकतो. भाटांची समजूत अशी की यंत्र आले म्हणजे उपचार आले. इंग्लंड-स्कॉटलंडात ही समजूत कसाला लावून पाहिली गेली. ७७० रोगी घेतले. काहींना यंत्राकडून हाताचा व्यायाम, काहींना तेवढाच वेळ माणसाकडून जादा व्यायाम, काहींना नेहमीचा उपचार. २०१९ साली निकाल लागला: नेहमीच्या उपचारापेक्षा यंत्राने हाताच्या कामात सुधारणा घडविली नाही. आणि हेही लपवीत नाही की माणसाने दिलेल्या जादा व्यायामालाही लक्षणीय यश आले नाही. यावर कोणी म्हणेल, "मग तुमचा गुरुजी तरी कशाला?" त्याला उत्तर एवढेच, की तेथे ज्याला 'नेहमीचा उपचार' म्हणतात, त्यात शिकलेला उपचारक रोग्याच्या खाटेपाशी मुळात येतो. आमच्या खेड्यात 'नेहमीचा उपचार' म्हणजे खाट आणि कबूतर. ज्याच्या घरी जेवण आहे त्याच्या ताटात लाडू वाढून काही फरक पडला नाही, म्हणून उपाशी माणसाला भाकरीची गरज नाही असे सिद्ध होत नाही.

दुसरे भांडण आहे ते 'घरच्यांनी करून घ्यावे' म्हणणाऱ्यांशी. हे वाक्य फार सात्त्विक दिसते. त्यात कुटुंबसंस्था आहे, संस्कार आहेत, आणि मुख्य म्हणजे सरकारचा पैसा वाचतो. आपल्याच देशात याचीही परीक्षा झाली. १४ रुग्णालयांतील १,२५० रोगी. निम्म्यांच्या घरच्या माणसांना रुग्णालयात शिकविले, मग घरी जाऊन भेटी दिल्या. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मेलेले किंवा परावलंबी राहिलेले रोगी दोन्ही गटांत सारखेच: शेकडा ४७. यात घरच्यांच्या मायेचा पराभव झाला असे मी मानीत नाही. पण जे काम शिकण्यास वर्षे लागतात ते तीन दिवसांत सुनेच्या पदरात बांधून मोकळे होता येत नाही, हे यातून दिसते. घरच्यांनी म्हणजे कोणी, हेही एकदा उघड बोलावे. सुनेने, लेकीने, बायकोने. जी पहाटे उठून पाणी भरते, रोवणीला जाते, रात्री बिड्या वळते, तिनेच आणखी एक तास सासऱ्याची बोटे उलगडावीत, आणि बोटे न उलगडल्यास दोष तिचाच! मुलाने एक दिवस हात लावला तर मात्र गावभर कौतुक.

आणि किती वेळ उलगडावीत? अमेरिकेतील कॅथरिन लँग यांनी २००९ साली मोजून पाहिले, तेव्हा चांगल्या रुग्णालयांतही उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या कामाची आवृत्ती सरासरी ३२ वेळा होत असल्याचे आढळले. मेंदूला नवे वळण लागते ते प्राण्यांवरील प्रयोगांत शेकडो आवृत्त्यांनी. आमच्या बिडीवालीचा हात दिवसाला हजार वेळा तेच काम करून शहाणा झाला होता. त्याला पुन्हा शहाणा करावयाचे, आणि आवृत्त्या बत्तीस? पाढे असे पाठ होत नसतात. यंत्राची खरी जागा येथे आहे. ते थकत नाही, कंटाळत नाही, मोजण्यात चुकत नाही. आवृत्ती घेणे हे यंत्राचे काम. पण कोणता धडा, कोणत्या बोटाला, कोणत्या दिवशी द्यावयाचा आणि कोठे थांबावयाचे, हे ठरविणारे माणूस लागते. पोराच्या हाती पुस्तक दिले म्हणजे शाळा झाली, असे मानणारा शिक्षणाधिकारी मी अजून पाहिला नाही. आरोग्याच्या खात्यात मात्र असे मानण्यास हरकत नसावीसे दिसते.

हे माणूस आम्हाला कधी ठाऊकच नव्हते असे नाही. कमला निंबकर या बाई जन्माने अमेरिकन. लग्नाने आपल्या झाल्या. त्यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. आजाराने पांगळ्या झालेल्या माणसाला रोजच्या कामांतून पुन्हा उभे करण्याची ही विद्या. आशिया खंडातील ती पहिली शाळा. दुसरी शाळा त्यांनी कोठे काढावी? १९५८ साली, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात. म्हणजे आमच्या गोंदियाहून रेल्वेने दोन-अडीच तासांच्या अंतरावर! त्या वेळी आमचा जिल्हाही झाला नव्हता. आम्ही भंडाऱ्यात होतो. १९९९ साली जिल्हा झाला, २०१६ साली गोंदियाला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले, या दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पण नागपूरच्या शाळेला सहा दशके उलटून गेली, आणि देवरी-सालेकशाकडच्या ज्या ज्या गावी मी गेलो, तेथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट हा शब्द ऐकलेला माणूस मला भेटला नाही. ज्ञान अडीच तासांवर होते. ते अडीच तास चालावयास साठ वर्षे पुरली नाहीत.

पैसा कोठून आणावा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना आहेत, आणि त्यांनी कित्येकांचे प्राण वाचविले आहेत. पण त्यांचा भर मुख्यतः रुग्णालयात भरती असलेल्या रोग्याच्या खर्चावर. लकव्याची खरी लढाई सुरू होते ती भरती संपल्यावर. प्राण वाचविण्यास पैसा आहे आणि वाचलेला माणूस माणसात आणण्यास नाही, हा कोणता हिशेब? बिडी वळणारी एक बाई खाटेवर बसली, की एका घरची दोन मजुऱ्या बुडतात: तिची, आणि तिच्याजवळ बसणाऱ्या लेकीची. लेकीची शाळाही बुडते. ती मला हजेरीपटावर रोज दिसते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो, म्हणून तो होत नाही असे नव्हे.

मग मागावयाचे काय? मोठमोठ्या इमारती नकोत. पहिली गोष्ट, लकव्याच्या प्रत्येक रोग्याच्या सुटीच्या कार्डावर हाताच्या बळाखाली हाताची समजही लिहिली जावी. त्यास यंत्र लागत नाही. रोग्याचे डोळे, कापसाचा बोळा, एक नाणे, एक बटण आणि पाच मिनिटे पुरतात. दुसरी, आठही तालुक्यांच्या सरकारी दवाखान्यांत आठवडी बाजाराच्या दिवशी शिकलेला उपचारक बसावा. बाजाराला माणूस कसाही येतो. बैलगाडीत बसून, लेकाच्या मोटारसायकलवर बसून येतो. दवाखान्याचा वार बाजाराच्या वाराशी जुळविण्यास कोणत्या जागतिक तज्ज्ञाची गरज आहे? तिसरी, स्पर्शयंत्रे जरूर यावीत, पण ग्रंथालयातील पुस्तकांसारखी. दोन महिने या घरी, दोन महिने त्या घरी, आणि त्यांच्यामागे तो उपचारक. सूचना मराठीत, आणि जेथे गोंडी बोलतात तेथे गोंडीत. चौथी, आशाताईंना चार गोष्टी शिकवा, पण त्यांच्यावर पाचवे ओझे टाकताना त्याचे पैसेही द्या.

आणि यंत्र येईपर्यंत हात जोडून बसण्याचेही कारण नाही. धुळाक्षरांना लागणारी धूळ आमच्या अंगणातच आहे. तणस, तूस, कोंडा, कणी आणि तांदूळ. खरखरीतपासून गुळगुळीतपर्यंत पाच इयत्ता आमच्या एकाच कोठीत मांडून ठेवलेल्या. एका पिशवीत किल्ली, बटण, चिंचोका, सुपारी आणि नाणे टाकले की परीक्षेची प्रश्नपत्रिका तयार. उपचारकाने एकदा रीत घालून द्यावी. मग घरचा नातूही ही शाळा भरवील, आणि सुनेच्या डोक्यावरचा भार थोडा उतरेल. पण रीत घालून देणारा हवाच. मास्तराशिवाय शाळा चालते असे मी म्हणालो, तर माझाच पगार बंद व्हावयाचा.

वाचकहो, दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडया भरतील, नाटके होतील, भाऊबिजेसाठी माणसे गावोगाव जातील. पाच-पंचवीस घरांत एखादे घर तरी असे भेटेल की जेथे कोणी ओसरीवर खाटेवर आहे. 'आता बरे आहेत' हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका. जवळ बसा, त्यांना डोळे मिटण्यास सांगा, आणि लकव्याच्या हातात एक नाणे ठेवून विचारा, हे काय आहे? उत्तर आले नाही, तर घरच्यांना सांगा की हा हात चुलीपासून आणि कढत पाण्यापासून जपा, अंघोळीचे पाणी चांगल्या हाताने पाहा. आणि त्यांना घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. तेथे तपासण्याचा आग्रह धरा. तेथे उपचारक नसेल, तर तसे लेखी मागा, आणि तो कागद तुमच्या आमदारापुढे ठेवा. आणखी एक. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले की तेल शोधू नका. घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि आमच्या जिल्ह्यात रस्त्यावरच वेळ फार जातो.

मंत्र्यांनी फीत कापलेल्या यंत्राचा फोटो पुढच्या दिवाळीपर्यंत आणखी कोठेतरी छापून येईल. छापून यावा. मी तो कापून शाळेच्या भिंतीवर लावीन, मुलांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून. पण त्या फोटोखाली एक प्रश्न मी माझ्या हाताने लिहिणार आहे, आणि आपणही तो जेथे जाल तेथे विचारावा: यंत्र आले, फार चांगले झाले, पण बोट धरून शिकविणारा आमच्या तालुक्याला कोणत्या वारी येणार?